उलटा बसवलेला व्हॉल्व्ह

प्रिय गॅविन,

'प्रिय' या शब्दाने हुरळून जाऊ नकोस. नगरपालिकेला तुंबलेल्या गटाराची तक्रार लिहिते तेव्हाही मी हाच शब्द वापरते. बाबांना पुरून आल्यावर तुझ्या घरी चहाला बसलो होतो, त्यानंतर आपण एकमेकांशी धड बोललेलो नाही. सेलकर्कसारख्या गावात, जिथे वरच्या बाजारात कुणी शिंकलं तर खाली नदीकाठच्या गिरणीत त्याची चर्चा होते, तिथे सख्ख्या भावाबहिणीने एवढी वर्षं एकमेकांना टाळणं सोपं नाही. त्याला दोन्ही बाजूंनी मेहनत लागते. माझी गाडी दिसली की तू गल्लीत वळतोस, तुझी दिसली की मी वळते, आणि तुझी बायको मोइरा मला बघून फुटपाथ बदलते. बदलू दे. तिला बघून मलाही काही उकळ्या फुटत नाहीत.

हे पत्र तुझ्या कामाबद्दल आहे. कामाबद्दल तुझ्याशी बोलायचा मला हक्क आहे का, असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते, आहे. तुझ्या गाडीवर ठळक निळ्या अक्षरांत 'मेबन आणि मुलगा' असं लिहिलंय. ते पहिल्यांदा रंगवलं तेव्हा रंगारी शिडीवर होता आणि शिडी मी धरून उभी होते. मी विचारलं, "आणि मुलगी?" बाबा नुसते हसले. तू म्हणालास, "अगं, गाडीची लांबी संपली." रंगाऱ्यालाही हसू आलं. त्या हिवाळ्यात लोकांच्या खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर मी तुझ्याइतकेच बसवले होते आणि तुझ्यापेक्षा जास्त जिने चढले होते, कारण तुझा गुडघा रग्बीत दुखावला होता आणि तू गाडीत बसून रेडिओ ऐकत होतास. बाबा गेल्यावर चहाच्या वेळी मी एवढंच विचारलं की आता तरी नाव बदलू या का. तू केक चावत म्हणालास, "मला काही नाही गं, इश. पण गिऱ्हाइकांना बाईच्या हातचा बॉयलर चालत नाही." मी कप खाली ठेवला आणि निघाले. पुढच्या महिन्यात माझी स्वतःची गाडी आली. तिच्यावर फक्त माझं नाव आहे, आणि लांबी पुरली.

तर मेबन आणि मुलगा यांचं गिऱ्हाईक मला कधी फोन करत नाही. केलाच तर चोरून, नवरा कामावर गेल्यावर. म्हणून ऑक्टोबरात, पहिलं दहिवर पडलं त्या आठवड्यात, मिस पर्डमचा फोन आला तेव्हा मला वाटलं बाई चुकून बोलतायत. आपल्या दोघांना बेरीज-वजाबाकी त्यांनीच शिकवली आणि तेव्हापासून त्या तुझ्या बाजूच्या आहेत. त्या म्हणाल्या, "इशबेल, मी तुझ्या भावाचं गिऱ्हाईक आहे हे मी विसरलेले नाही. पण माझ्या भिंतीत कुणीतरी हातोडा घेऊन बसलंय. तुझ्या भावाला ते ऐकू येत नाही. तुला येतं का बघ."

मला ऐकू आलं. रस्त्यावरून ऐकू आलं. तू उन्हाळ्यात त्यांच्या रेडिएटरांचे जुने व्हॉल्व्ह काढून नवे, खोली तापली की आपोआप मिटणारे, थर्मोस्टॅटचे बसवले होतेस. बाई म्हणाल्या, तुला बोलावलं तर तू म्हणालास की पाइप जुने आहेत, कुरकुरणारच, माझेही गुडघे कुरकुरतात. त्यांची मांजर त्या आवाजाला कंटाळून शेजारी राहायला गेली होती आणि बाईंना त्याचा जास्त राग होता. मी बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर बसले आणि व्हॉल्व्हवरची आकड्यांची मूठ पाचवरून हळूहळू खाली आणली. पाणी भरपूर वाहत होतं तोवर सगळं शांत. दोनच्या जवळ आले, झडप मिटत आली आणि ठाण, ठाण, ठाण सुरू झालं. मूठ उतरवून आत बॅटरी मारली. पितळेवर बाण कोरलेला असतो, पाणी कुठून कुठे जायचं ते सांगणारा. तुझा बाण पाणी येतं त्या दिशेला तोंड करून बसला होता. उलट्या बाजूने आलेलं पाणी झडपेला धक्का देऊन बंद करतं, स्प्रिंग ती पुन्हा उघडते, पाणी पुन्हा आपटतं. हे आपण मिसरूड फुटायच्या वयात शिकलो. म्हणजे तुला फुटत होती, मी नुसतीच शिकत होते.

मला आनंद झाला, गॅविन. खोटं कशाला बोलू. गालिच्यावर बसून मी मोठ्याने हसले. बाईंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, "बाण उलटा आहे, बाई. माझ्या भावाने बसवलाय." त्या म्हणाल्या, "तो पाटीवर तीन उलटा काढायचा, आठवतंय का?" मी सगळ्या खोल्या पाहिल्या. काही व्हॉल्व्ह सरळ होते, काही उलटे, नाणं उडवून बसवल्यासारखे. पाणी काढलं, उलटे होते ते सुलटे केले, पुन्हा पाणी भरलं, हवा सोडली, घर गप्प झालं. मग मी थेट शेजारच्या गाला गावात गेले, नळकामाच्या सामानाच्या दुकानात, जिथे सकाळी सगळे कामगार काउंटरला टेकून उभे असतात, आणि ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. काउंटरवरच्या डेरेकने तर कपाळाला हात लावला. सगळे खो खो हसले. ते तुझ्या कानावर गेलं असेल. जावं म्हणूनच सांगितलं होतं.

त्यानंतर कर्स्टीचा फोन आला. ती गिरणीजवळच्या जुन्या दगडी घरात राहते, नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असतो, मोठी मुलगी तीनची आणि धाकटं नुकतंच जन्मलेलं. मी दार उघडून आत गेले तर स्वयंपाकघरात भट्टी. खिडक्या उघड्या, कर्स्टी बिनबाह्यांच्या झग्यात, कपाळावर घाम. आणि वर बाळाच्या खोलीत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. बाळ लोकरीची टोपी घालून झोपलं होतं. हातमोजेही होते. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

कर्स्टी म्हणाली, "तुमच्या भावाला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा त्यांनी अख्खा व्हॉल्व्हच बदलला. म्हणाले कंपनीने खराब माल पाठवलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार." मी हात लावून पाहिलं. व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप गरम, पुढचा रेडिएटर गार. दुसऱ्या टोकाचं झाकण काढून तिथला व्हॉल्व्ह पाहिला, तो उघडा होता, अगदी हवा तेवढाच उघडा. मग आकड्यांची मूठ उतरवली. तिच्याखालची पिन टुणकन वर आली, अडकलेली नव्हती, गंजलेली नव्हती. पाणी आत शिरल्याचा आवाज आला आणि रेडिएटर वरून तापायला लागला. म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत, वरची मूठच त्याचा गळा दाबून बसलेली. मी मूठ हातात घेऊन उलटी केली. मोठी मुलगी सारखी मुठी फिरवते म्हणून त्या एका आकड्यावर अडकवून द्या, असं कर्स्टीनेच तुला सांगितलं होतं. तू मागच्या बाजूच्या खुंट्या लावून दिल्यास. स्वयंपाकघरातली पाचवर. बाळाच्या खोलीतली तीनवर लावायची, ती बर्फाच्या चांदणीवर. घरात कुणी नसताना पाइप गोठू नयेत म्हणून असते ती खूण. आणि दुसऱ्यांदा आलास तेव्हा नवा कोरा व्हॉल्व्ह बसवून नवी कोरी मूठ पुन्हा त्याच चांदणीवर अडकवून गेलास.

तुझ्याबद्दल काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कर्स्टीने मात्र तुझी बाजू घेतली. "खूप वेळ घालवला हो त्यांनी. इतके वाकून बघत होते की मला वाटलं रेडिएटरचा वास घेतायत. मला फोनचा दिवा धरायला लावला. म्हणाले, तुमच्या घरात उजेडच नाही." मी खिडकीकडे पाहिलं. बाळाच्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे, आपल्याकडे सगळ्यात जास्त उजेडाची बाजू. मी विचारलं, आले होते तेव्हा संध्याकाळ होती का. ती म्हणाली, नाही, दुपार होती, चांगलं ऊन होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी रागात होते, आणि रागात असलं की माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही, हे तुला माहीत आहे. मुठी नीट लावल्या, बाळाची टोपी मी स्वतःच्या हाताने काढली, आणि गाडीत बसून तुला शिव्या घालत घरी आले.

मग म्हातारा स्कूलर. वर एट्रिकच्या खोऱ्यात एकटा राहतो, मेंढ्या आणि दोन कुत्रे. बाबांचं गिऱ्हाईक, म्हणून तुझं. त्याने मला बोलावलं कारण तू फोन उचलत नव्हतास, आणि हे त्याने मला माफी मागितल्यासारखं सांगितलं. तो कमरेला उशी बांधून चालत होता. मागच्या भिंतीतून बाहेर निघालेल्या नळीतून पाणी ठिबकत होतं, अंगणात त्याचा बर्फ झाला होता, त्यावरून तो घसरला. हाड मोडलं नाही हे त्याचं नशीब, तुझं काही कर्तृत्व नाही. आत जाऊन बॉयलर पाहिला. दाबाचा काटा लाल रंगात घुसलेला. माणूस डोकं ठिकाणावर ठेवून पाणी भरतो तेव्हा एकच्या थोडं पुढे थांबतो. तू तीनच्या जवळ नेऊन ठेवला होतास, आणि जास्तीचं पाणी बिचारं बाहेर पडायची वाट शोधत होतं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, काटा कुणी बघितला होता की नाही. तो म्हणाला, "बघितला ना. म्हणजे गॅविनने मलाच बघायला सांगितलं. म्हणाला, चष्मा गाडीत राहिला, जरा काटा कुठे आहे सांगा. मी म्हटलं, पोरा, मला माझ्या मेंढ्यांचे कान दिसत नाहीत, काटा कुठून दिसणार. मग दोघंही हसलो आणि तो म्हणाला, असू दे, बरोबरच असेल." मी विचारलं, "गॅविनला चष्मा कधीपासून?" म्हाताऱ्याने कुत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हाही तू चष्म्याचंच कारण दिलंस आणि मोइराला सांगू नका म्हणालास, म्हणून तो मला सांगत नाहीये. स्कूलरला आयुष्यात एवढं लांब वाक्य बोलताना मी ऐकलं नव्हतं.

त्याच्या वरच्या मजल्यावरचे रेडिएटरही तूच बसवलेत. मी ते तपासायला गेले. तिथेही तेच, काही बाण सरळ, काही उलटे. पण एक उलटा व्हॉल्व्ह काढायला मी नटावर पाना ठेवला आणि हात थांबला. नट सुरेख बसला होता. आटे जराही न दुखावता चढवलेले, टेप बरोबर बाजूने, बरोबर जाडीची गुंडाळलेली, आवळलेलं इतकं नेमकं की पाण्याचा थेंब नाही आणि पितळेवर ओरखडा नाही. मी जिन्यात बसले. आपण शेडमध्ये शिकत होतो तेव्हा बाबा आपल्या हातांवर कोळशाचं पोतं टाकायचे आणि म्हणायचे, आता जोडा. फरशीखाली, भिंतीमागे, सिंकच्या पाठीमागे डोळा पोहोचत नाही, तिथे बोटांनीच बघायचं. तुझं पोत्याखालचं काम नेहमी माझ्यापेक्षा चांगलं असायचं. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता लिहितेय, कारण त्यावरूनच मला सगळं कळलं. मिस पर्डमच्या घरी एकही सांधा गळत नव्हता. कर्स्टीच्या घरी दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह हवा तेवढाच उघडा होता. बोटांना जे जे कळतं ते सगळं तू अचूक केलं होतंस. बाण, आकडा, चांदणी, काटा, जे जे डोळ्यांनी वाचावं लागतं, तेवढंच चुकलं होतं. आळशी माणूस सगळीकडे आळशी असतो. ज्याला येत नाही त्याचे सगळेच बाण उलटे लागतात. अर्धे सरळ आणि अर्धे उलटे कुणाचे लागतात? ज्याला बाण दिसतच नाही त्याचे.

तरी मला खात्री करायची होती. म्हणून मी गालाच्या दुकानात तुझी वाट बघत थांबले. तुला वाटलं असेल योगायोग. तू आलास, दारातच उभा राहिलास, मला ओळखलं नाहीस. पाचेक पावलांवर आलास आणि मी खोकले तेव्हा तुझा चेहरा कडू झाला. मी खिशातून नवा व्हॉल्व्ह काढून काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाण कुठल्या बाजूला आहे, गॅविन?" सगळे वळून बघायला लागले. तू तो उचललास. अंगठा त्याच्यावरून एकदा फिरवलास, दुसऱ्यांदा फिरवलास. या नव्या मालात बाण उथळ असतो, अंगठ्याला कळत नाही, मी घरी बघून घेतलं होतं. मग तू हसून म्हणालास, "तुझ्याकडेच आहे, नेहमीसारखा. कायम तुझ्यावरच कुणीतरी नेम धरलेला असतो ना." सगळे फिदीफिदी हसले, डेरेकही. तू माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणालास, "माझ्या गिऱ्हाइकांच्या मागे हुंगत फिरणं बंद कर. बाबा असते तर त्यांना लाज वाटली असती." आणि निघून गेलास.

ते वाक्य मला लागलं नाही असं नाही. पण मी खिडकीतून तुला बघत होते. तू गाडीत बसलास, इंजिन चालू केलंस, आणि निघाला नाहीस. बाहेर धुकट होतं. सेलकर्कच्या दिशेने जाणारी एक पाववाल्याची गाडी बाहेर पडली, तेव्हा तू तिच्या मागे लागलास, तिच्या मागच्या लाल दिव्यांना अगदी चिकटून. म्हणजे तू असा घरी जातोस. दुसऱ्याच्या शेपटाला धरून. त्या रस्त्यावर शाळा आहे, गॅविन. तिथे पाववाला वळला आणि तू सरळ गेलास तर?

आणि गाडी हा त्यातला लहान धोका आहे. स्कूलरकडे तेलावरचा बॉयलर आहे. गावात घराघरांत गॅस आहे. गॅसची गळती तपासायची तर मापाच्या काचेच्या नळीतल्या पाण्याची पातळी केसाएवढी हलली का ते बघावं लागतं. तू या पावसाळी उन्हाळ्यात किती घरांत गुडघ्यावर बसून त्या नळीकडे पाहिलंस आणि "ठीक आहे" म्हणून कागदावर सही केलीस? दुकानातून परतले त्याच दिवशी मी पुन्हा जाऊन कर्स्टीचा बॉयलर तपासला. मिस पर्डमचाही. दोन्ही ठीक निघाले. तुझी बोटं चांगली आहेत म्हणून ठीक निघाले. पण अख्ख्या गावाने तुझ्या बोटांच्या भरवशावर झोपायचं का?

नॅन आजीचं शेवटी काय झालं ते तुला आठवत असेल. ती बॅनकचा, आपल्या मनुकांच्या पावाचा, तुकडा खिडकीशी नेऊन त्यात मनुका किती आहेत ते बघायची आणि आपण हसायचो. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी तिला डाग दिसायचा, कडेचं मात्र सगळं दिसायचं, म्हणून ती चालायची फिरायची आणि वर्षानुवर्षं कुणाला काही कळू दिलं नाही. मी जाऊन माझे डोळे तपासून घेतले. माझे ठीक आहेत. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा रोग घराण्यात उतरू शकतो, आणि त्याच्या एका प्रकारात लवकर आलं तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन तो तिथल्या तिथे रोखता येतो. उशीर झाला तर जे गेलं ते गेलं. आजीच्या वेळी हे नव्हतं. तुझ्या वेळी आहे, आणि तू ते मिस पर्डमच्या पाइपांवर ढकलतोयस.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. गॅसच्या कामाला हात लावायचा नाही. गाडीची किल्ली मोइराकडे द्यायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि जमवून घ्यायचं, पुढच्या महिन्यात बघू असं नाही. येत्या सोमवारपर्यंत यातलं काही झालं नाही तर मी गॅसवाल्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला फोन करून तुझं नाव देईन, आणि गाडीच्या परवान्याचंही सांगेन. गाव मला काय म्हणेल ते मला माहीत आहे. भावाची भाकरी काढून घेतली म्हणतील. म्हणू देत. तुझी गिऱ्हाइकं गिळायला मी टपलेली नाही, मला माझीच पुरेशी आहेत, आणि ती बोलतात कमी. तुला माफ वगैरे केलंय असं समजू नकोस. शिडी धरून उभी होते ती मी, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तू कुणाच्या तरी घरात गळता गॅस सोडून यावंस आणि मी रागापायी गप्प बसावं, एवढी मी तुझ्यावर रागावलेली नाही.

आता हे फोनवर का सांगितलं नाही ते. फोन तू आपटला असतास, आणि मोइराने विचारलं असतं तर राँग नंबर म्हणाला असतास. मोइराला गाठून सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. नणंद धंद्यावर डोळा ठेवून बोलतेय असंच तिला वाटलं असतं, तिच्या जागी मलाही वाटलं असतं. म्हणून हे पत्र मी पेन्सिलीने लिहिलंय, करड्या कागदावर, मला जमेल तितक्या बारीक अक्षरात, ओळीला ओळ चिकटवून. ज्याचे डोळे ठीक आहेत तो कुरकुर करत का होईना, हे वाचेल. तू स्वतः इथपर्यंत वाचत आला असशील तर मी चुकले. मग उद्या सकाळी माझ्या दारात ये आणि शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा शिव्या दे. मी उंबऱ्यात उभी राहून सगळ्या ऐकून घेईन आणि तुझे आभार मानेन. पण मला वाटतं, हे पाकीट तू खिशात घेऊन हिंडलास, खिडकीशी नेलंस, दिव्याखाली धरलंस, आणि शेवटी जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे सरकवलंस, कारण मी काय लिहिलंय हे कळल्याशिवाय तुला चैन पडणार नाही. मोइरा, हे तूच मोठ्याने वाचते आहेस ना? तो आता "पुरे" म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. कागद खाली ठेव, त्याच्या समोर बस, आणि त्याला विचार की बहिणीचं पत्र त्याने तुला का वाचायला दिलं.

तुझीच,
इशबेल